बटणांची माळ

८ फेब्रुवारी

चि. छोटीस ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघी इथे खुशाल आहोत. तुझीही खुशाली दर आठवड्याला येत राहिली की माझ्या जिवाला स्वस्थता.

ऑपरेशन थिएटरमध्ये दिवसभर उभं राहून पाय सुजतात असं लिहिलंस. अगं, दहा महिन्यांच्या प्रशिक्षणातले सहा संपले, आता चार राहिले. पायांखाली उशी घेऊन झोपत जा. मी तीस वर्षं शिलाई मशीन चालवते आहे, माझ्या पायांना कोण विचारतं?

तुझी भिंगरी मजेत आहे. तू ठेवून गेलीस तेव्हा घरभर गिरक्या घेणारी पोर आता चार पायऱ्या चढली की मधेच बसते आणि विचार करते. नऊ वर्षांची झाली, पोक्तपणा येणारच. उंचीही सुटतेय बहुतेक, कारण अंगानं उतरली आहे. नोव्हेंबरात बेतून शिवलेला निळा फ्रॉक मी कमरेत दोनदा आत घेतला. माझी शिवण मीच उसवत बसते, म्हण.

रविवारच्या धर्मवर्गाला आता एकतीस मुलं येतात. गुरुजींनी प्रार्थनाघराची मागची खोली कायमची दिली. गेल्या महिन्यात मी झऱ्याच्या मुलीची गोष्ट घेतली. आठवते ना? गावात पाणी नाही, देवळातली म्हातारी पुजारीण आजारी, आणि एवढीशी पोर भरलेली घागर डोक्यावर घेऊन तीन दिवस चालते, पण स्वतः थेंब पीत नाही. जीभ चिरते, ओठांतून रक्त येतं, तरी कुणाला सांगत नाही. दारात पडते ती पडतेच, आणि तिथे झरा फुटतो. सांगू का, सगळी पोरं मुसमुसत होती.

मग मी एक युक्ती काढली. प्रत्येक मुलाला एक दोरा दिला. आठवडाभरात जे काही न कुरकुरता, कुणाला न सांगता सोसलं, त्याचं एक बटण ओवायचं. बटणं माझ्या डब्यातली. काय सोसलं ते सांगितलं की बटण गेलं! आया खूश आहेत, घरात शांतता आली म्हणतात. भिंगरीची माळ सगळ्यांत लांब. मावशीची भाची आहे, नाव राखणारच.

काळजी नको. लोभ आहे तो पत्रांतून पोचवत राहा.

तुझी
ताई

———

१२ फेब्रुवारी

प्रिय आईस,
सा. न. वि. वि.

मी बरी आहे. तू बरी आहेस ना? माझी चौदा बटणं झाली. चौदावं शिंपल्याचं आहे, ते मावशी कुणाला देत नाही.

मी काय करते ते सांगायचं नाही. तुलाही नाही. पण ते मी तुझ्यासाठी करते. तू लवकर येशील. शाळेच्या नळापाशी मी दोनदा हरले. तेव्हा माझं मीच एक एक बटण काढून टाकलं, मावशीनं सांगितलं नव्हतं तरी. म्हणजे खरी सोळा झाली असती.

माझं अक्षर वाकडं आलं आहे कारण कधीकधी ओळी पुसट दिसतात. मावशीला सांगू नकोस, ते पण एका बटणात आहे. अरे, हे सांगितलं. आता एक काढावं लागेल.

बाबांचा फोटो रोज पुसते. माझ्यावर खूप माया ठेव.

तुझी
भिंगरी

———

१८ फेब्रुवारी

ती. ताईस छोटीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं आणि भिंगरीचं, दोन्ही पत्रं पाठोपाठ मिळाली. आधी वाटलं, उगाच घाबरते आहे. नर्सच्या मनात आधी रोग येतो मग माणूस, असं तू नेहमी म्हणतेस. पण राहवत नाही, म्हणून लिहिते. रागावू नकोस.

फ्रॉक दोनदा आत घ्यावा लागेल इतकी पोर बारीक कशानं झाली? जेवते का? उंची सुटली म्हणतेस, तर फ्रॉक खालून सोडावा लागला का? तू शिंपीण आहेस, तुला इंच विचारते आहे. पायऱ्यांवर बसते, तेव्हा दम लागलेला असतो का? तिला ओळी पुसट दिसतात. हे तिनं मला लिहिलं आणि तुला सांगू नको म्हणाली. बघ काय वेळ आली, एका घरात राहून तुझ्यापासून लपवते आणि शंभर मैलांवर मला चुकून सांगते.

आणि ताई, ती गोष्ट. मला ती चांगली आठवते. आपल्याला सांगितली होती तेव्हा मी आठ दिवस पाणी पिताना भांड्यात बघत नव्हते. तुला ती ऐकून रडू यायचं, मला भीती वाटायची. लहान पोरांना जीभ चिरल्याचं सांगून देव कसा शिकवता येतो, हे मला अजून कळलेलं नाही. त्यावर पुन्हा बक्षीस! न सांगण्याचं बक्षीस मुलांना देऊ नये गं. आमच्या वॉर्डात जी मुलं रडतात त्यांची मला काळजी नसते. गप्प असतात त्यांच्याकडे मी आधी धावते.

तिचं वजन कर. चौकातल्या औषधवाल्याकडे काटा आहे. उलट टपाली कळव. तुझ्या जिवावर पोर टाकून आले आहे, तुझ्याइतका विश्वास जगात कुणावर नाही. माया कमी करू नकोस.

तुझी
छोटी

———

२४ फेब्रुवारी

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. अतिशहाण्या बाई, त्याच गोष्टी ऐकून आपण दोघी वाढलो ना? मेलो का? उलट चार माणसांत ताठ उभ्या राहिलो. हल्लीच्या मुलांना टाचणी टोचली तरी घर डोक्यावर घेतात. थोडं सोसायला शिकलं तर बिघडलं कुठे?

फ्रॉक खालून सोडावा लागला नाही, हे मात्र खरं. तू विचारलंस म्हणून काल टेप लावली. उंची तेवढीच, कंबर अडीच इंचांनी कमी. जेवण म्हणशील तर राक्षसासारखं आहे, माझ्या ताटातलंही संपवते. मग जातं कुठे देव जाणे. वजन उद्या-परवा करते, शाळेचे गणवेश द्यायचे आहेत, मान वर करायला फुरसत नाही.

एक गोष्ट तुला सांगणार नव्हते, पण आता लपवत नाही. पोर रात्री अंथरूण ओलं करते. आठ-दहा वेळा झालं. मी बोलले नाही हो! तीच बिचारी पहाटे उठून चादर धुऊन टाकते, हूं की चूं नाही. तिच्या त्या समजूतदारपणाबद्दलच शिंपल्याचं बटण दिलं. तुझी आठवण येत असेल, दुसरं काय. पण मोरीत आणि तिच्या गादीपाशी मुंग्यांनी वैताग आणला आहे. नुसत्या रांगा! पावडर टाकली, रॉकेलनं पुसलं, पुन्हा हजर. साखरेचा डबा तर मी माळ्यावर ठेवते.

ओठ फुटले आहेत तिचे, तूप लावते. पाणी पी म्हटलं तर मान हलवते आणि हसते. फार गोड हसते गं.

तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. लोभाची आणि आशीर्वादाची माझ्याकडे कमतरता नाही.

तुझी
ताई

———

२८ फेब्रुवारी, दुपारी सव्वादोन

ताई,

मायना लिहायला सुचत नाही. तुझं पत्र आत्ता मिळालं. हॉस्पिटलच्या ऑफिसात औषधवाल्याच्या नंबरला कॉल लावून बसले आहे. ऑपरेटर म्हणतो लाइन मिळत नाही, थांबा. हात स्वस्थ राहत नाहीत म्हणून लिहिते.

ताई, मुंग्या तिच्या लघवीला येताहेत. तिच्या अंगातली साखर बाहेर पडते आहे. मधुमेह आहे हा, मुलांना होतो तो. खूप जेवून वाळणं, अंथरूण ओलं होणं, पुसट दिसणं, सगळं त्याचंच. या आजारात तहान लागते, साधी नाही, वेड लावणारी. मोठी माणसं बादलीला तोंड लावतात. आणि माझी पोर ती तहान दाबून बसली आहे. शाळेच्या नळापाशी हरले असं तिनं लिहिलं होतं. मी नर्स असून मला दहा दिवस कळलं नाही. मला वाटलं, नळावर भांडण झालं असेल.

पाणी न पिता ही मुलं फार लवकर जातात. जातात म्हणजे काय ते मी लिहिणार नाही.

कॉल लागला नाही तर तार करते. कुणी मला विचारू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून बसले आहे. साडेतीनची बस आहे, रजा मिळो न मिळो. देवा, एकदा लाइन

लागली. औषधवाला सायकल घेऊन निघाला. हे पत्र तसंच पोस्टात टाकते.

———

९ मार्च

चि. छोटीस,

आशीर्वाद लिहिण्याचा हक्क राहिला आहे का मला ठाऊक नाही, तरी लिहिते.

तू दवाखान्याच्या दारात मला ‘तू जा, मी बघते’ एवढंच म्हणालीस आणि मी घरी आले. बरोबरच बोललीस. दहा दिवस झाले, मशीनवर बसलेले नाही. तू पोचण्याआधी काय झालं ते मी तुला धड सांगितलंच नाही, ते ऐक.

औषधवाला आला तेव्हा मी गणवेशाच्या कॉलरी कापत होते आणि भिंगरी बाजूला कापडाच्या ढिगावर झोपली होती. पोटात दुखतं म्हणून शाळेत गेली नव्हती. म्हणजे तसंही ती म्हणाली नाही, पोट धरून बसली होती म्हणून मी ओळखलं. आणि मला कौतुक वाटलं छोटी, कौतुक! त्यानं तिचा श्वास बघितला. धापा टाकाव्यात तसा चालला होता. तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास. मी सकाळीच म्हटलं होतं, काय खाल्लंस गं चोरून. त्यानं तिच्या लघवीत साखर तपासायची पट्टी बुडवून बघितली आणि त्याचा चेहराच उतरला. समोरच्या लाँड्रीवाल्याची गाडी आणली. जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत तासभर ती माझ्या मांडीवर होती. अर्ध्या वाटेत तिला हाक ऐकू येईना. मी बाटली तिच्या ओठाला लावली तर ग्लानीतही तोंड फिरवलं. मरेपर्यंत ते घट्ट मिटलेलं तोंड मला दिसत राहणार.

काल रविवार होता. वर्गाला गेले. मुलांना सांगितलं की आज ज्यानं त्यानं आपल्या बटणाखाली काय आहे ते सांगायचं, आणि सांगितलं की बटण जाणार नाही. आधी कुणी बोलेना. मी त्यांना इतकं छान शिकवलं होतं! मग एक बोलला आणि धरणच फुटलं. एकीची दाढ किडून हिरडीला पू झाला आहे, तीन बटणं. एकाचे बूट दोन वर्षांपूर्वीचे, बोटं दुमडून चालतो. एकाला त्याचा बाप पट्ट्यानं मारतो, नऊ बटणं. आणि एक सहा वर्षांची मुलगी काहीच सांगेना, नुसती माळ मुठीत दाबून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या घरी मी आज जाऊन येणार आहे. मला तिच्या घराच्या दाराचीच भीती वाटते आहे, पण जाणार.

गुरुजींकडेही गेले. ते शांतपणे म्हणाले की या गोष्टी मन मऊ व्हावं म्हणून असतात, नक्कल करावी म्हणून नव्हे. मी म्हटलं, गुरुजी, कुठल्या अर्ध्या भागानं मन मऊ करायचं आणि कुठल्या अर्ध्याची नक्कल करायची, हे त्या पोरांना कुणी सांगितलं? आपण तर गोष्टीच्या शेवटी नेहमी ‘तशी हो’ असंच म्हणतो. ते म्हणाले, तू दमली आहेस, घरी जा. तीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना नमस्कार न करता उठले.

एका ओळीचं उत्तर टाक. शिव्या दे, पण टाक. पोर कशी आहे?

तुझी
ताई

———

१५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पोर वाचली. आधी हे. डोळ्यांना नीट दिसतं, वजन दोन किलोंनी वाढलं. रोज दोन इंजेक्शनं, जन्मभर. जन्मभर हा शब्द मी तिला अजून सांगितलेला नाही.

रागावले होते, अजून आहे. तुझ्यावर, आणि त्याहून माझ्यावर. पण रागाच्या मुळाशी बघते तर तिथे आई उभी आहे. आठवतं ना, आईच्या छातीत गाठ होती आणि दोन वर्षं तिनं कुणाला कळू दिली नाही? मातीच्या दिवशी आलेलं प्रत्येक माणूस म्हणत होतं, काय सोसलं हो माउलीनं, तोंडातून शब्द नाही. गुरुजींनी तर तिला झऱ्याच्या मुलीची उपमा दिली. तू मान डोलावत होतीस. मी एकोणीस वर्षांची होते आणि मनात ओरडत होते की सांगितलं असतं तर ती जगली असती. पण मीही गप्पच बसले. आपल्या घराला ते वळणच आहे.

तू त्या सहा वर्षांच्या मुलीकडे गेलीस का? काय झालं ते लिही. तू मुलांना विचारलंस हे वाचून मी वॉर्डाच्या जिन्यात बसून रडले.

आता मुख्य. पुढच्या आठवड्यात तिला सोडतील. माझं प्रशिक्षण अजून अडीच महिने आहे. ते सोडलं तर पुन्हा घेणार नाहीत. सोडावं की तिला परत तुझ्याकडे ठेवावं, मला काही सुचत नाही. इंजेक्शन द्यायला तू शिकशील, तुझा हात सुईला सरावलेला आहे. पण एक दिवस जरी चुकलं तरी काय होतं ते तू मांडीवर घेऊन बघितलं आहेस. विचार करून लिही. तुझ्याशिवाय मला आहे कोण.

तुझी
छोटी

———

१७ मार्च

प्रिय मावशीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी आई जेवायला गेली तेव्हा लिहिते आहे. वॉर्डातल्या आयाबाई ते पोस्टात टाकणार आहेत. आईला सांगायचं नाही, शपथ.

मावशी, ती गोष्ट खरी आहे! मी पाणी सोडलं आणि आई आली. चार महिन्यांनी येणार होती ती त्याच दिवशी आली. तू म्हणतेस ना, सोसलेलं वाया जात नाही. मी बेशुद्ध पडले तेव्हा झरा फुटला असणार.

पण आता आई परत जाणार आहे. मी झोपलेली आहे असं समजून ती डॉक्टरांशी बोलत होती. म्हणून मी नवीन काहीतरी ठरवते आहे. इथे पाणी तर बळेच पाजतात. पण सोडल्यावर घरी इंजेक्शन तू देणार आहेस. ते मी घेतलं असं आईला लिहायचं आणि घ्यायचं नाही. तू फक्त हो म्हणायचं. फार दिवस नाही, आई येईपर्यंत. मला भीती वाटत नाही. थोडी वाटते.

माझी माळ जपून ठेव.

तुझी लाडकी
भिंगरी

———

२० मार्च

चि. भिंगरीस मावशीचे अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं तशी चपला न घालता औषधवाल्याकडे पळाले आणि आईला फोन करून सगळं सांगितलं. हो, तुझं गुपित फोडलं. तू कट्टी घे, बोलू नकोस, पण इंजेक्शन घे. असलं गुपित जो कुणी सांगेल त्याचं मी यापुढे फोडणार, गावभर फोडणार.

आता नीट ऐक. आई तू सोसलंस म्हणून आली नाही. तू सोसत होतीस ते दोन महिने आई आली का? नाही आली. मी मूर्खासारखी मुंग्यांची तक्रार लिहिली, ती वाचून आई आली. सांगितल्यावर आली. तू पहिल्याच दिवशी लिहिलं असतंस की आई, मला सारखी तहान लागते, तर ती त्याच दिवशी बसमध्ये बसली असती. मी गप्प राहिले असते तर ती आली असती तुझ्या... नाही लिहीत.

आणि त्या मुलीचं सांगते. ती तीन दिवस चालली ना? मग तीन दिवसांच्या वाटेवर घरं नव्हती का? माणसं नव्हती? तिची मावशी कुठे होती? मी गोष्ट सांगताना रस्ता मुद्दाम रिकामा ठेवायचे. रस्त्यावर माणसं आणली की तुम्ही विचारलं असतंत, यांनी तिला पाणी का नाही दिलं. मग तुम्ही रडला नसतात, चिडला असतात. मला तुम्ही रडायला हवे होतात. त्यात माझा मोठेपणा होता बेटा.

दहा दिवसांपूर्वी मी इथल्या एका छोट्या मुलीच्या घरी गेले. तिचं काय होतं ते तुला सांगण्यासारखं नाही, पण ती आता तिच्या आजीकडे सुखरूप आहे. तिचं दार मी भीत भीतच वाजवलं.

मी येते आहे. आई शिकते त्या हॉस्पिटलजवळ तिच्या ओळखीनं एक खोली ठरवली आहे, मशीन तिथे हलवते. तिघी एकत्र राहू, आई ड्यूटीवरून रोज घरी येईल. त्यासाठी तुला काहीही सोडायचं नाही. आजची सुई टोचून घेतलीस का, तेवढं लिही. उत्तर येईपर्यंत माझ्या घशाखाली पाणी उतरणार नाही. छे, बघ, पुन्हा तेच बोलले. उतरेल. मी पिते. तूही पी.

तुझी चुकलेली
मावशी

———

२५ मार्च

प्रिय मावशीस,
सा. न. वि. वि.

मी दोन दिवस कट्टी होते. आता बट्टी.

सुई घेतली. आज दोन्ही घेतल्या. मांडीत कमी दुखते, पोटात खूप दुखते. मी ओरडले. आई म्हणाली, अजून मोठ्यानं ओरड. मग आम्ही दोघी ओरडलो आणि सिस्टर धावत आली.

आईनं तुझं पत्र मला दोनदा वाचून दाखवलं. मला तुला एक विचारायचं आहे. आईला विचारलं तर ती म्हणाली, मावशीलाच विचार.

माझ्या शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती. तिला रक्ताचा आजार होता. तिला जे दुखायचं ते ती सगळ्यांना सांगायची. तिची आई पाणी पाजायची, बाबा पाय चेपायचे, डॉक्टर सारखे यायचे. रस्ता रिकामा नव्हता. तरी ती परवा सकाळी गेली. तिनं माझ्यापेक्षा पुष्कळ सोसलं. मी खाटेखाली वाकून बघितलं. तिथे काही फुटलं नव्हतं. आयाबाईंनी फरशी पुसली आणि चादर बदलली.

मग तिचं सोसणं कशासाठी होतं?

मला रात्री भीती वाटते. हे मी सांगते आहे, बघ. तू लवकर ये आणि मला खरं काय ते सांग. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. पण गोष्ट सांगू नकोस.

तुझी
भिंगरी